बीआरझेड / ८६ चा एअर इनटेक मॉडिफाय करायचाय? आधी मोजा, मग पाना हातात घ्या

माझ्याकडे २०१३ ची सुबारू बीआरझेड आहे, मॅन्युअल, मी फ्रेमॉन्टला राहतो आणि वर्षातून तीन-चार वेळा गाडी थंडरहिलच्या ट्रॅकवर नेतो. आपली मराठी पोरं इथे बे एरियात बरीच आहेत ज्यांनी सेकंडहँड बीआरझेड नाहीतर तिची सख्खी भावंडं सायन एफआर-एस, टोयोटा ८६ घेतल्यात, आणि गाडी घरी आली की पंधरा दिवसांत प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, दादा इनटेक (म्हणजे बाहेरची हवा इंजिनात नेणारा फिल्टर, डबा आणि पाईप) कुठला टाकू. दर वेळी फोनवर तासभर बोलण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. या गाडीचा कंपनीचा इनटेक वाईट नाहीये, उलट बराच चांगला आहे, त्यामुळे इथे काम आहे ते हवा थंड ठेवायचं आणि मॅफ सेन्सरचं, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचं, मोजमाप बिघडू न देण्याचं. मोठा चकचकीत पाईप हे त्यानंतरचं, आणि बऱ्याच जणांना ते लागतच नाही.

आता इंजिन किती हवा घेतं ते बघा. या गाडीचं एफए२० इंजिन म्हणजे १९९८ सीसी, फोर स्ट्रोक, त्यामुळे दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलेंडर भरतात, म्हणजे एका फेरीला साधारण एक लिटर. ७००० आरपीएमला, जिथे ही गाडी तिची २०० हॉर्सपॉवर देते, तिथे मिनिटाला जवळपास ७००० लिटर हवा आत जाते. गावाकडे गच्चीवर १००० लिटरची सिंटेक्सची टाकी असते ना, तशा सात टाक्या दर मिनिटाला रिकाम्या. वजनात बघितलं तर आठ किलोच्या आसपास. ही सगळी हवा बंपरच्या मागून, फिल्टरमधून, एका पाईपातून थ्रॉटल बॉडीत (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप) जायची असते आणि वाटेत ती जेवढी अडेल आणि जेवढी तापेल तेवढी पॉवर गेली.

कंपनीने काय केलंय, तर हवा घ्यायचं तोंड रेडिएटरच्या वरच्या पट्टीपाशी, ग्रिलच्या मागेच ठेवलंय, म्हणजे बाहेरची ताजी हवा. तिथून बंद डबा, डब्यात चपटा फिल्टर, फिल्टरच्या पुढे लगेच मॅफ सेन्सर, मग रबरी होस आणि थ्रॉटल बॉडी. होसला मध्ये एक पोकळ फुगवटा असतो आणि एक बारीक पाईप फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधली भिंत) जातो, तो आवाज केबिनमध्ये पोचवायचा साउंड क्रिएटर. त्या फुगवट्याला लोक उगाच शिव्या घालतात की याने हवा अडते. तो बाजूला काढलेला कप्पा आहे, हवा त्याच्यातून जात नाही, तो फक्त ठराविक आवाज दाबतो.

किती मिळू शकतं, ते पाण्याच्या नळीने मोजा

हे मला सगळ्यात आवडतं आणि खर्च फारतर दहा-पंधरा डॉलर. हार्डवेअरच्या दुकानातून सहा-सात फूट पारदर्शक नळी आणायची, एका लाकडी पट्टीवर यू आकारात बांधायची, त्यात निम्म्यापर्यंत पाणी आणि पाण्यात जिलेबीला घालतात तो रंग, म्हणजे दिसायला सोपं. मागे इंचाची टेप चिकटवा. नळीचं एक टोक उघडं, दुसरं टोक फिल्टरच्या नंतर इनटेकमध्ये जोडायचं. आणि भोक पाडायची गरजच नाही, साउंड क्रिएटरचा पाईप होसपासून काढला की तिथे आयतं तोंड मिळतं, त्यावर रबरी बूच आणि बुचात बारीक निपल. एक खबरदारी मात्र घ्याच, नळी आणि इंजिनच्या मध्ये एक छोटी रिकामी बाटली घट्ट बसवा, म्हणजे चुकून पाणी ओढलं गेलं तर ते बाटलीत पडेल, इंजिनात नाही.

मग डायनोवर (चाकांची पॉवर मोजणारं यंत्र) किंवा ट्रॅकच्या सरळ पट्ट्यात फुल थ्रॉटल द्यायचं आणि वरच्या आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती इंचांचा फरक पडतो ते शेजारी बसलेल्याने मोबाईलवर शूट करायचं. रस्त्यावर हे करू नका, हायवेवर तर अजिबात नको. पट्टी गाडीच्या आडव्या दिशेने धरा, म्हणजे दोन्ही नळ्या ड्रायव्हर ते पॅसेंजर अशा रेषेत, नाहीतर गाडी पळताना पाणी मागे झुकतं आणि आकडा खोटा येतो. पहिल्या वेळी मी पट्टी गाडीच्या लांबीच्या दिशेने धरली होती आणि अर्धा दिवस फिल्टरला दोष देत बसलो.

आता हिशोब करा. समुद्रसपाटीला हवेचा दाब म्हणजे पाण्याचे साधारण ४०७ इंच. समजा तुमचा फरक १० इंच आला, तर तो झाला अडीच टक्के. म्हणजे जगातला सगळ्यात भारी इनटेक टाकला आणि अडथळा चक्क शून्य झाला, जो कधीच होत नाही, तरी २०० मधले अडीच टक्के म्हणजे पाच हॉर्सपॉवरच्या आसपास. आणि बॉक्सवर छापलेलं असतं पंधरा! हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला की चारशे-पाचशे डॉलर कुठे घालायचे याचा निर्णय आपोआप होतो. फिल्टर काढून एकदा मोजा, नवीन फिल्टर घालून एकदा मोजा, तोंडाचा डक्ट काढून एकदा मोजा, अडथळा नक्की कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं. (फिल्टर काढून मोजायचं ते स्वच्छ डायनोवर एखाद्याच वेळी, धुळीत नाही.)

तापमानाचं गणित मोठं आहे

२० डिग्रीची हवा ५० डिग्री झाली तर तिची घनता ९ टक्के पडते. पॉवर अगदी तेवढीच पडते असं नाही, कारण हवा पोर्टमधून जाताना तापतेच, पण या इंजिनचं कॉम्प्रेशन १२.५ आहे आणि कॅलिफोर्नियात पंपावर ९१ ऑक्टेनच्या वर पेट्रोल सहसा मिळत नाही, त्यामुळे गरम हवा गेली की नॉकिंगच्या (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसण्याच्या) भीतीने ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि तिथे अजून मार बसतो. म्हणून बोनेटखाली उघडा कोन फिल्टर (डब्याशिवायचा, शंकूच्या आकाराचा) ही या गाडीसाठी माझ्या मते सगळ्यात चुकीची खरेदी. आवाज मस्त येतो, मान्य, पण तो रेडिएटरची उकळलेली हवा ओढतोय.

खात्री करायची असेल तर ओबीडी पोर्टला (गाडीचे कोड आणि आकडे वाचायचं सॉकेट) वीस डॉलरचा ब्लूटूथ डोंगल लावा, फोनवर कुठलंही साधं ॲप घ्या आणि आयएटी म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं तापमान बघत गाडी चालवा. सिग्नलला पाच मिनिटं थांबलात की आकडा चढतो, गाडी पळाली की उतरतो. बंद डब्यात तो पटकन बाहेरच्या हवेच्या जवळ येतो, उघड्या कोनला उतरायला वेळ लागतो. काही बदलायच्या आधी एक आठवडा स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशाच गाडीची नोंद ठेवा, बाहेरचं तापमान, आयएटी, मॅफचा ग्राम पर सेकंद आकडा आणि शॉर्ट टर्म, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू ठरलेल्या पेट्रोलात किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा). ही नोंद नसेल तर नंतर सुधारलं की बिघडलं हे ओळखायला काहीच हातात उरत नाही, नुसतं "गाडी ओढतेय असं वाटतंय" एवढंच.

मॅफ सेन्सर, ज्याच्याकडे कोणी बघत नाही

मी सुरुवातीला कुणाकडून तरी वापरलेला शॉर्ट रॅम इनटेक घेतला होता, मोठा पाईप, टोकाला कोन. शनिवारी घरी बसवला, रविवारी पहाटे थंडरहिलला निघालो आणि विलोजच्या अलीकडे आय-५ वर चेक इंजिनचा पिवळा दिवा. थांबून कोड वाचला तर पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), लाँग टर्म ट्रिम १२ टक्क्यांच्या वर गेलेलं. बाहेर ३८ डिग्री, ट्रॅकचे पैसे भरलेले, आणि मी गाडी ट्रॅकवर न नेता तसाच हळूहळू परत आलो. तो निर्णय बरोबरच होता, पण तो दिवस मला अजून टोचतो.

झालं काय होतं, तर मॅफ सेन्सरमध्ये एक तापवलेली बारीक तार असते, हवा तिला गार करते आणि त्यावरून हवा किती ते कळतं. पण ती पाईपातल्या सगळ्या हवेला बघत नाही, तिच्या बारक्या तोंडातून जाते तेवढ्यालाच बघते, आणि ईसीयू ठराविक व्यासाचा पाईप गृहीत धरून पूर्ण हवेचा अंदाज लावतो. समजा व्यास ७० मिलिमीटरचा ७३ झाला, तीनच मिलिमीटर, तर क्षेत्रफळ जवळजवळ ९ टक्के वाढलं, तेवढी हवा तारेजवळून सावकाश जाते आणि सेन्सर कमी आकडा देतो. ईसीयू पेट्रोल कमी टाकतो. आरामात चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सावरून घेतो, म्हणून ट्रिम चढतं, पण फुल थ्रॉटलला गाडी ओपन लूपमध्ये जाते, म्हणजे ऑक्सिजन सेन्सरची ही दुरुस्ती बंद होते, आणि तिथे बराचसा भरवसा मॅफवरच असतो. म्हणजे जिथे इंजिनला सगळ्यात जास्त जपायला हवं तिथेच चूक सगळ्यात महाग पडते.

म्हणून पूर्ण किट घ्यायचंच असेल तर दोनच प्रश्न विचारा. मॅफ बसतो त्या जागेचा आतला व्यास स्टॉकइतकाच आहे का, आणि सेन्सरच्या आधी हवा सरळ व्हायला जागा आहे का. वळणाला लागून सेन्सर असेल तर हवा गिरक्या घेत येते आणि आकडा थरथरतो, आयडल वर-खाली होतो. विकणाऱ्याला याचं उत्तर देता येत नसेल तर पुढे चला.

मी काय करायला सांगतो

पहिलं, डबा स्टॉकच ठेवा आणि त्यात चांगला पॅनल फिल्टर टाका. कोरडा सिंथेटिक घ्या. तेलाचा कॉटन फिल्टर पण चालतो, पण धुतल्यावर लोक सढळ हाताने तेल ओततात आणि ते तेल उडून मॅफच्या तारेवर बसतं, मग पुन्हा तोच लीनचा घोळ. तेलाचाच असेल तर हलका हात ठेवा आणि रात्रभर सुकू द्या.

काम करायला इंजिन पूर्ण गार हवं. १० आणि १२ चा सॉकेट, एक चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर आणि स्वच्छ फडकं, बास. मॅफचा कनेक्टर आधी काढा, खटका दाबून, वायर ओढून नाही. मग डब्याच्या क्लिपा सोडा, झाकण वर उचला, फिल्टर कसा बसलाय त्याचा फोटो काढून ठेवा. आत पानं, किडे, कधी कधी उंदराने आणून ठेवलेला कापूस पण निघतो, व्हॅक्यूमने सगळं काढा आणि ओल्या फडक्याने पुसा. डबा बाहेर काढणार असाल तर थ्रॉटल बॉडीच्या तोंडात फडकं कोंबून ठेवा म्हणजे स्क्रू वगैरे आत जाणार नाही, आणि ते फडकं लाल रंगाचं घ्या, जोडताना विसरलं जाणार नाही.

डबा निघालाच आहे तर सेन्सर पण साफ करा. दोन छोटे स्क्रू असतात, सेन्सर सरळ वर ओढायचा. मॅफ क्लीनरचाच स्प्रे, ब्रेक क्लीनर किंवा कार्ब क्लीनर चुकूनही नको, त्याने प्लास्टिक आणि तारेवरचं कोटिंग जातं. लांबून दहा-पंधरा फवारे, तारेला बोट नाही, इअरबड नाही, आणि अर्धा तास नुसतं वाळू द्या. बसवताना ओ-रिंग चिमटली जात नाही ना ते बघा, सेन्सरवरचा बाण इंजिनकडे.

दुसरं काम सीलिंगचं, आणि हे फुकटात पडतं. झाकणाची कड सगळीकडे सारखी बसते का, तोंडाचा डक्ट डब्याला जिथे मिळतो तिथे फट आहे का, हे टॉर्च लावून बघा. जुन्या गाड्यांत तिथे हमखास फट सापडते आणि त्यातून बोनेटखालची गरम हवा आत येते. बारीक फोमची पट्टी लावली की काम झालं. डक्टसमोर नंबर प्लेटचा कंस किंवा वाकलेली जाळी येत असेल तर तीही हलवा. या दोन गोष्टींनी माझा ट्रॅकवरचा आयएटी जितका खाली आला तितका पुढे कुठल्याच महागड्या पार्टने आला नाही.

होस बदलायचा असेल तर सिलिकॉनचा गुळगुळीत मिळतो, थ्रॉटल प्रतिसादात थोडा फरक जाणवतो. क्लॅम्प आवळताना जोर लावू नका, होस कापला जातो. सेन्सरच्या आधी गळती असेल तर धूळ आणि गरम हवा येईल, पण सेन्सरच्या नंतर गळती असेल तर न मोजलेली हवा आत जाते आणि गाडी लीन होते, म्हणून मॅफपासून थ्रॉटलपर्यंतचा प्रत्येक जोड दोनदा तपासा. साउंड क्रिएटर काढला असेल तर त्याच्या तोंडावर टोपी घट्ट बसवा, बऱ्याच जणांची गळती तिथेच निघते.

सुरू करून आयडल ऐका, फुसफुस नको. नंतर शंभरेक मैल साधी गाडी चालवा, शहर आणि फ्रीवे दोन्ही, आणि मग ट्रिम बघा. आधीच्या नोंदीपेक्षा दोन-तीन टक्के इकडे-तिकडे असेल तर छान, पाचच्या आत चालेल, दहाच्या पुढे गेलं तर थांबा आणि गळती शोधा, ट्रॅकवर जाऊ नका. बॅटरी काढू नका असं मी सांगतो, कारण शिकलेली ट्रिम पुसली जातात आणि स्मॉग चेकला (कॅलिफोर्नियातली गाडीची प्रदूषण तपासणी) लागणारे मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या घेतलेल्या चाचण्या, पुन्हा तयार व्हायला बरेच दिवस जातात.

ट्यून, कायदा आणि आवाज

३५०० ते ४५०० आरपीएमच्या मध्ये या गाडीचा टॉर्क (ओढ) खाली पडतो, सगळ्यांनाच त्याचा राग येतो, पण तो इनटेकने भरून निघत नाही, ते हेडर (इंजिनला लागून असलेले एक्झॉस्टचे पाईप) आणि ट्यूनचं (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं) काम आहे. त्या खड्ड्यासाठी इनटेक घेऊ नका.

कॅलिफोर्नियात स्टॉक डब्यात बसणारा फिल्टर हा रिप्लेसमेंट पार्ट धरतात, त्याला अडचण नाही. पण पूर्ण इनटेक किट असेल तर त्याला कार्बचा (कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड) ईओ नंबर, म्हणजे मान्यतेचा नंबर, हवा आणि तो तुमच्या गाडीच्या वर्षाला आणि मॉडेलला लागू हवा. स्टिकर बोनेटखाली दिसेल असं लावा, स्मॉग चेकवाला डोळ्याने बघतो, नंबर नसेल तर धूर कितीही स्वच्छ असू दे, गाडी नापास. आणि १९ जुलै २०२१ पासून स्मॉग चेकमध्ये ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललंय का तेही तपासतात, त्यामुळे मान्यता नसलेलं ट्यून टाकून रस्त्यावर फिरणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. नुसत्या फिल्टरला आणि सीलिंगला ट्यून लागतही नाही.

लगुना सेकाच्या ट्रॅकला जाणाऱ्यांनी आवाजाचा पण विचार करा. तिथे बऱ्याच ट्रॅक डेला ९० ते ९२ डेसिबलची मर्यादा असते आणि लोक फक्त एक्झॉस्टकडे बघतात, पण फुल थ्रॉटलला उघड्या इनटेकचा आवाज पण मीटरवर येतो. बंद डबा इथेही कामाला येतो.

खाली बंपरमध्ये फिल्टर नेणारे लांब कोल्ड एअर किट असतात, हवा खरंच थंड मिळते, पण जानेवारीच्या पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी घातली आणि फिल्टर बुडाला तर इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. रोजची गाडी असेल तर मी हा प्रकार टाळतो.

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी दोन शब्द. ही गाडी तिकडे अधिकृतपणे विकलीच नाही, पण पोलो जीटी टीएसआय असो की ऑक्टाव्हिया आरएस, नळीने मोजायची, आयएटी बघायची आणि गळती शोधायची पद्धत हीच. तिकडच्या पावसात खालचा फिल्टर तर अजिबात नको. टर्बो गाडीत इंटरकूलर असल्यामुळे इनटेकच्या तापमानाचा फटका थोडा वेगळा बसतो, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ व जानेवारी २०१९ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचून मगच गाडीच्या मूळ रचनेला हात लावा.

आणि स्टॉकचा काही पार्ट काढलात तर फेकू नका, विकू पण नका. डबा, होस, साउंड क्रिएटर, सगळे स्क्रू झिपलॉकच्या पिशवीत घालून वर नाव लिहून गॅरेजच्या फळीवर ठेवा. स्मॉगला लागतात, गाडी विकताना लागतात, आणि रात्री अकरा वाजता कोड आला की सगळ्यात आधी तोच जुना डबा लावून बघायचा असतो.